फॅटी लिव्हर : रोगाचे नामकरण आणि उपचारांची वाटचाल (इ.स. १८३६ ते २०२५)

सारांश

यकृतात चरबी साठण्याचा विकार वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून परिचित होता. परंतु मद्यपान न करणाऱ्या व्यक्तींमध्ये आढळणाऱ्या या विकाराच्या गंभीर स्वरूपाला स्वतंत्र नाव मिळण्यास १९८० साल उजाडावे लागले. नाव मिळेपर्यंत रुग्ण संशयाच्या छायेत राहिला आणि नाव मिळाल्यानंतरही सुमारे चार दशके त्याच्यासाठी मान्यताप्राप्त औषध उपलब्ध झाले नाही. प्रस्तुत शोधनिबंधात या विकाराच्या उपचारांचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, प्रत्येक कालखंडातील उपचारांची दिशा त्या काळातील रोगाच्या व्याख्येने ठरविली, असे प्रतिपादन केले आहे. भारतीय लोकसंख्येत सडपातळ व्यक्तींनाही हा विकार होतो. त्यामुळे केवळ वजनावर आधारलेली दृष्टी येथे अपुरी पडते, याकडेही लक्ष वेधले आहे.

महत्त्वाचे शब्द : फॅटी लिव्हर, यकृतदाह, फायब्रोसिस, नामकरण, जीवनशैली, सार्वजनिक आरोग्य.

प्रस्तावना

'यकृत बिघडले' असे कानावर येताच आपल्या समाजात पहिला प्रश्न मद्यपानाविषयीच विचारला जातो. हा समज केवळ सामान्य माणसाचा नाही. आधुनिक वैद्यकानेही तो सुमारे दीडशे वर्षे जोपासला. ज्या रुग्णाने आयुष्यात मद्याला स्पर्श केला नाही, त्याच्याही यकृताची चकती सूक्ष्मदर्शकाखाली मद्यपी रुग्णासारखी दिसू लागली, तेव्हा वैद्यकापुढे दोनच पर्याय होते : रुग्ण खोटे बोलतो असे मानणे, अथवा आपले ज्ञान अपुरे आहे असे मान्य करणे. दीर्घकाळ पहिला पर्याय स्वीकारला गेला. या विकाराच्या उपचारांचा इतिहास म्हणूनच केवळ औषधांची कालानुक्रमिक यादी होऊ शकत नाही. तो वैद्यकाच्या दृष्टिकोनात झालेल्या बदलांचाही इतिहास आहे.

आज हा विषय केवळ वैद्यकीय महाविद्यालयांपुरता राहिलेला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या संशोधनात प्रौढांमधील या विकाराचे प्रमाण ३८.६ टक्के आढळले. सोनोग्राफीच्या अहवालात 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' हे शब्द न वाचलेले मध्यमवर्गीय कुटुंब आता विरळाच म्हणावे लागेल. मात्र त्या शब्दांचा अर्थ काय आणि त्यावर नेमके काय करावे, याविषयी सुशिक्षित वर्गातही मोठा संभ्रम दिसतो. इतिहासाचा आधार घेतल्यास हा संभ्रम काही अंशी दूर होऊ शकतो, या भूमिकेतून प्रस्तुत लेखन केले आहे.

उद्दिष्टे आणि अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) या विकाराच्या नामकरणाचा व व्याख्येचा कालक्रम स्पष्ट करणे; (२) प्रत्येक टप्प्यावरील उपचारपद्धतींचे परीक्षण करणे; (३) भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील संशोधनाचे या इतिहासातील स्थान निश्चित करणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैद्यकीय संशोधन व शासकीय धोरणे यांचा आधार घेतला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल व अतिकृश या दोन्ही देहप्रकारांचा विचार आलेला आहे. यकृत व प्लीहा यांना रक्तवह स्रोतसांचे मूळ मानले आहे. परंतु यावरून आजचा विकार प्राचीनांना ज्ञात होता, असा निष्कर्ष काढणे इतिहासलेखनाच्या शिस्तीत बसत नाही. सूक्ष्मदर्शकाने निश्चित होणाऱ्या रोगाचा इतिहास सूक्ष्मदर्शकाच्या काळापासूनच सुरू करणे अधिक योग्य होय.

१. नामकरणापूर्वीचा काळ (१८३६–१९८०)

यकृतात चरबी साठविता येते, हे ज्ञान वैद्यांच्या आधी स्वयंपाक्यांकडे होते. प्राचीन रोममध्ये पाळीव हंसांना भरपूर अंजिरे चारून त्यांची यकृते मेदयुक्त केली जात. अंजिराच्या लॅटिन नावावरून अशा यकृताला 'फिकाटुम' म्हणत आणि पुढे इटालियन, फ्रेंच व स्पॅनिश या भाषांमध्ये यकृताचे सामान्य नामच या शब्दावरून सिद्ध झाले. गोड फळांच्या अतिसेवनाने यकृत चरबीने भरते, ही पाकगृहातील जाण वैद्यकाच्या पुस्तकात येण्यास मात्र अनेक शतके जावी लागली.

१८३६ मध्ये लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधील थॉमस ॲडिसन यांनी यकृताच्या मेदयुक्त ऱ्हासाचे वर्णन केले आणि त्याचा संबंध मद्यपानाशी जोडला. पुढे १८४२ मध्ये विल्यम बोमन यांनी अशा यकृताची सूक्ष्मरचना मांडली. ॲडिसन यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. परंतु त्यातून 'मेदयुक्त यकृत म्हणजे मद्यपी यकृत' हे समीकरण रूढ झाले. त्यामुळे उपचारही एकच उरला, तो म्हणजे मद्यत्याग.

या समीकरणाला पहिला धक्का मधुमेहाच्या संशोधनातून बसला. इन्सुलिनच्या शोधानंतर स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यांना इन्सुलिनवर जिवंत ठेवणे शक्य झाले. मात्र काही काळाने त्यांचे यकृत चरबीने भरून जाई. टोरोंटो येथील चार्ल्स बेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ च्या सुमारास कोलीन या घटकाने ही चरबी रोखता येते असे दाखविले. १९३८ मध्ये चार्ल्स कॉनर यांनी मधुमेह आणि दीर्घकालीन मद्यपान या दोन्ही स्थितींत मेदयुक्त यकृताचे रूपांतर सिरोसिसमध्ये होते, असे प्रतिपादन केले. १९४९ मध्ये बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात मद्य आणि साखर या दोहोंच्या अतिसेवनाने यकृताची समान हानी झाली आणि कोलीनने ती टळली. साखरेला मद्याच्या पंक्तीत बसविणारा हा प्रयोग होता. १९५२ मध्ये सॅम्युएल झेलमन यांनी स्थूल व्यक्तींच्या यकृताचा अभ्यास मांडला. मधुमेह, साखर आणि स्थूलता हे तिन्ही धागे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाती आले होते. त्यांना एकत्र गुंफणारे नाव मात्र नव्हते.

उपचारांच्या दृष्टीने या काळात कोलीन व तत्सम 'चरबी हलविणाऱ्या' द्रव्यांविषयी मोठी आशा बाळगली गेली. उंदरांत प्रभावी ठरलेला हा उपाय माणसांत तसा ठरला नाही. याच सुमारास अतिस्थूल रुग्णांवर लहान आतड्याचा बराच भाग वगळून जोड देण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत सुरू झाली आणि १९६० व १९७० च्या दशकांत ती बरीच प्रचलित झाली. वजन वेगाने उतरे. परंतु काही रुग्णांचे यकृत निकामी होऊन ते दगावत. या रुग्णांच्या यकृताचे चित्र पुन्हा मद्यपी यकृतदाहासारखेच दिसे. पुढे ही शस्त्रक्रिया सोडून द्यावी लागली. या अनुभवातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या होत्या : मद्याविनाही यकृताची अशी हानी होते आणि वजन किती उतरले याइतकेच ते कसे व किती वेगाने उतरले हेही महत्त्वाचे असते.

२. नामकरण आणि त्याचे परिणाम (१९८०–१९९८)

१९८० मध्ये मेयो क्लिनिकचे विकृतिशास्त्रज्ञ युर्गेन लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे रुग्ण मद्यपी नव्हते. तरीही त्यांचे यकृत मद्यपी यकृतदाहासारखे दिसत होते. त्यांपैकी बहुसंख्य रुग्ण मध्यम प्रमाणात स्थूल होते व अनेकांना मधुमेह अथवा पित्ताशयातील खडे यांसारखे विकार होते. लुडविग यांनी या स्थितीला मद्येतर मेदयुक्त यकृतदाह, म्हणजेच 'नॅश', असे नाव दिले. हा विकार सिरोसिसपर्यंत जाऊ शकतो, हेही त्यांनी नोंदविले आणि त्यावर परिणामकारक उपचार ज्ञात नाही, हेही प्रांजळपणे सांगितले.

सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने या लेखातील एक बाब विशेष उल्लेखनीय आहे. या रोगाची ओळख पटल्यास मद्यपानाच्या प्रश्नावरून डॉक्टर व रुग्ण यांच्यात होणारे अवघड संवाद टळतील, असे लेखकांनी सूचित केले होते. नामकरणाने रुग्णाला तत्काळ औषध दिले नाही. परंतु त्याच्या शब्दाला प्रतिष्ठा दिली. आपल्याकडे ज्या गृहिणीला यकृताच्या विकारासाठी तपासणीस जाताना 'हे हिला कसे झाले?' अशा नजरांना तोंड द्यावे लागते, तिच्या दृष्टीने हे सामान्य नव्हे.

१९८६ मध्ये फेंटन शाफनर व हेरिबर्ट थेलर यांनी साध्या चरबीपासून सिरोसिसपर्यंतच्या सर्व अवस्थांना सामावणारी 'नॅफल्ड' ही व्यापक संज्ञा प्रचारात आणली. मात्र ही दोन्ही नावे नकारात्मक होती. रोग काय नाही हे ती सांगत. तो काय आहे हे सांगत नसत. कारण नावात नसल्याने उपचारही कारणावर करता येत नव्हता. त्यामुळे १९८० व १९९० च्या दशकांत बहुसंख्य रुग्णांना 'वजन कमी करा' एवढाच सल्ला मिळाला. अनेक ठिकाणी तर हा विकार निरुपद्रवी समजून दुर्लक्षिला गेला.

३. चयापचयाचा विकार : औषधांचा शोध आणि निराशा (१९९८–२०२३)

१९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन यांनी इन्सुलिन-प्रतिरोध, उच्च रक्तदाब व रक्तातील मेदाचे बिघाड यांचा एकत्रित विचार 'सिंड्रोम एक्स' या नावाने मांडला होता. या विचाराचा प्रभाव यकृतविज्ञानावरही पडला. १९९८ मध्ये इंग्लंडमधील क्रिस्टोफर डे व ऑलिव्हर जेम्स यांनी 'दोन आघातां'चा सिद्धान्त मांडला : पहिला आघात चरबी साठण्याचा, तर दुसरा पेशींची हानी करणाऱ्या ऑक्सिडीकरणाच्या ताणाचा. हा सिद्धान्त पुढे अपुरा ठरला, कारण अनुवंश, आतड्यांतील सूक्ष्मजीव, मेदपेशी इत्यादी अनेक घटक एकाच वेळी कार्य करतात असे दिसून आले. तरीही त्याने औषधशोधाला दिशा दिली. पहिल्या आघातावर इन्सुलिनचा प्रभाव वाढविणारी औषधे आणि दुसऱ्यावर जीवनसत्त्व 'ई', अशी ही मांडणी होती.

या काळातील चाचण्यांचे निष्कर्ष संयमाने वाचावे लागतात. पित्ताच्या विकारांत वापरले जाणारे अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल २००४ मध्ये १६६ रुग्णांवर दोन वर्षे तपासले गेले; औषध नसलेल्या गोळीपेक्षा ते सरस ठरले नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पिव्हेन्स' चाचणीत मधुमेह नसलेल्या २४७ रुग्णांचा ९६ आठवडे अभ्यास झाला. जीवनसत्त्व 'ई' घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के, पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांपैकी ३४ टक्के आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी १९ टक्के रुग्णांच्या यकृतात सुधारणा झाली. पायोग्लिटाझोनचा लाभ चाचणीने ठरविलेल्या कसोटीला पुरेसा उतरला नाही आणि त्याने वजनही वाढते. जीवनसत्त्व 'ई' दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेणे कितपत सुरक्षित, ही शंकाही कायम राहिली. ओबेटिकोलिक आम्लाकडून पुढे मोठी अपेक्षा होती; परंतु अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० व २०२३ मध्ये या विकारासाठी त्यास मान्यता नाकारली.

दरम्यान निदानाची दृष्टी बदलत होती. २००३ च्या सुमारास फ्रान्समध्ये यकृताचा ताठरपणा बाहेरून मोजणारे फायब्रोस्कॅन यंत्र विकसित झाले. २००६ मध्ये वय, दोन यकृत-एन्झाइमे व प्लेटलेटची संख्या यांवरून काढावयाचा 'फिब-४' हा निर्देशांक मांडला गेला. २०१५ मध्ये ६१९ रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यातून असे स्पष्ट झाले, की रुग्णाचे भवितव्य यकृतातील चरबीच्या प्रमाणापेक्षा फायब्रोसिसवर, म्हणजे यकृतात व्रणासारख्या तंतूंची वाढ किती झाली यावर, अवलंबून असते. सोनोग्राफीतील 'ग्रेड' चरबीमुळे येणारा उजळपणा दर्शविते, फायब्रोसिस नव्हे. त्यामुळे 'ग्रेड वन' वाचून निर्धास्त होणे आणि 'ग्रेड टू' वाचून हादरणे, या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या माहितीवर आधारलेल्या ठरतात.

४. आहार व व्यायाम : सल्ल्यापासून पुराव्यापर्यंत

औषधे अपयशी ठरत असताना जुना सल्ला शास्त्रीय कसोटीवर तपासला गेला. २०१५ मध्ये क्यूबामधील २९३ रुग्णांचा ५२ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे वजन १० टक्के किंवा अधिक कमी झाले, त्यांच्यापैकी ९० टक्के रुग्णांमधील यकृतदाह नाहीसा झाला व ४५ टक्के रुग्णांमध्ये फायब्रोसिसही मागे हटला. कोणत्याही औषधाच्या चाचणीत तोवर असे यश दिसले नव्हते. त्याच वर्षी फ्रान्समधील लील येथील १०९ अतिस्थूल रुग्णांच्या अभ्यासात आधुनिक बेरियाट्रिक शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने सुमारे ८५ टक्के रुग्णांतील यकृतदाह नाहीसा झाल्याचे आढळले. १९७० च्या दशकातील शस्त्रक्रियेच्या कटू अनुभवानंतरचे हे परिवर्तन लक्षणीय आहे. २०१६ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने ७ ते १० टक्के वजन घटविण्याचे उद्दिष्ट, भूमध्यसागरी पद्धतीचा आहार आणि नियमित व्यायाम यांची शिफारस केली.

परंतु क्यूबातील अभ्यासाचा दुसरा आकडा सहसा उद्धृत केला जात नाही. १० टक्के वजन घटविणे २९३ पैकी केवळ २९ जणांना साधले. देखरेखीखाली, नियमित मार्गदर्शन मिळत असतानाही दहांपैकी नऊ जण तेथवर पोहोचले नाहीत. यावरून उपाय निरुपयोगी आहे असा अर्थ निघत नाही. तो एकट्या रुग्णाच्या इच्छाशक्तीवर सोपविणे निरुपयोगी आहे, असा निघतो. पूर्वी रुग्णावर 'तू पितोस' असा आरोप होई. आता 'तू आळशी आहेस, जास्त खातोस' असा होतो. आरोपाचे शब्द बदलले, परंतु दोष रुग्णाच्या माथी मारण्याची वृत्ती तीच राहिली.

५. भारतीय संदर्भ : सडपातळ देहातील चरबी

रोग म्हणजे स्थूलता, या समीकरणाला सर्वांत गंभीर आव्हान भारतीय संशोधनाने दिले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याच्या ग्रामीण परिसरातील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक आढळले. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ होता, मात्र शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के होता. वजनकाटा दोघांना समान ठरवीत होता, शरीर मात्र समान नव्हते.

२००७ मध्ये मुंबईतील दोन रेल्वे वसाहतींच्या पाहणीत सुमारे १७ टक्के रहिवाशांमध्ये फॅटी लिव्हर आढळला. २०१० मध्ये पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील ग्रामीण भागातील १९११ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे विकाराचे प्रमाण ८.७ टक्के होते. परंतु विकारग्रस्तांपैकी ७५ टक्के व्यक्तींचा निर्देशांक २५ पेक्षा कमी होता. शेतात राबणारा, दिसायला किडकिडीत माणूसही या विकारापासून मुक्त नाही, हे यातून सिद्ध झाले. पाश्चात्त्य निकषांवर बेतलेली 'वजन कमी करा' ही सूचना अशा रुग्णाला देणे निरर्थक ठरते. त्याच्या बाबतीत कंबरेचा घेर, ताटातील साखर-पिष्टाचे प्रमाण, प्रथिनांची उणीव आणि स्नायूंची शक्ती यांचा विचार अधिक आवश्यक आहे. भारतीयांसाठी पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही कंबरेची मर्यादा म्हणूनच वेगळी ठरविण्यात आली आहे.

६. अलीकडील टप्पा (२०२०–२०२५)

२०२० मध्ये भारतीय औषध नियंत्रकांनी अहमदाबाद येथील कंपनीने विकसित केलेल्या सॅरोग्लिटाझर या औषधास सिरोसिस नसलेल्या मेदयुक्त यकृतदाहासाठी मान्यता दिली. अमेरिकेत पहिली मान्यता मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम या औषधाला मिळाली. यकृतातील थायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहीवर कार्य करणाऱ्या या औषधाच्या ९६६ रुग्णांवरील चाचणीत, अधिक मात्रा घेणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्णांचा यकृतदाह नाहीसा झाला. औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मधुमेह व स्थूलतेसाठी वापरल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइडलाही तेथे मान्यता मिळाली. ७२ आठवड्यांच्या चाचणीत त्याने ६२.९ टक्के रुग्णांतील यकृतदाह दूर केला. तुलनेच्या गटात हे प्रमाण ३४.३ टक्के होते. अमेरिकेतील या दोन्ही मान्यता आहार व व्यायामाच्या जोडीने आणि मध्यम ते प्रगत फायब्रोसिस असलेल्या, परंतु सिरोसिस नसलेल्या रुग्णांसाठी आहेत. याचा अर्थ असा, की सोनोग्राफीत केवळ चरबी आढळलेल्या बहुसंख्य लोकांसाठी ही औषधे नाहीत.

२०२३ मध्ये ५६ देशांतील २३६ तज्ज्ञांच्या विचारविनिमयातून 'नॅफल्ड' हे नाव बदलून 'मॅसल्ड', म्हणजे चयापचयातील बिघाडाशी निगडित मेदयकृत विकार, असे करण्यात आले. 'मद्येतर' व 'फॅटी' हे दोन्ही शब्द रुग्णाला कलंक लावतात, असे निम्म्याहून अधिक तज्ज्ञांचे मत होते. ४३ वर्षांनंतर रोगाला त्याचे कारण सांगणारे नाव मिळाले. चयापचयातील पाचपैकी एक बिघाड असला तरी निदान करता येत असल्याने सडपातळ रुग्णही या व्याख्येत सामावतो.

धोरणाच्या पातळीवर फेब्रुवारी २०२१ मध्ये भारत शासनाने हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. गावपातळीवर आशा कार्यकर्तीच्या हातातील मोजपट्टीपासून आरंभ होणारी ही रचना महागड्या यंत्रांपेक्षा अधिक दूरवर पोहोचू शकते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. या विकाराच्या प्रत्येक टप्प्यावर व्याख्या आधी बदलली व उपचार नंतर बदलले. मद्याशी जोडलेल्या काळात मद्यत्याग, स्थूलतेशी जोडलेल्या काळात वजनघट आणि चयापचयाशी जोडलेल्या काळात लक्ष्यवेधी औषधे, असा हा क्रम आहे.

२. आहार व व्यायाम हा सर्वांत जुना व आजही पायाभूत उपचार आहे. परंतु त्याचे यश रुग्णाच्या निर्धाराइतकेच कुटुंब, कार्यस्थळ व आरोग्यसेवा यांच्या आधारावर अवलंबून आहे.

३. नवी औषधे स्वागतार्ह असली तरी ती मर्यादित रुग्णांसाठी आहेत. कोणाला ती द्यावयाची हे ठरविण्यासाठी चरबीची नव्हे, तर फायब्रोसिसची तपासणी महत्त्वाची आहे. 'फिब-४' सारखा निर्देशांक तालुक्याच्या प्रयोगशाळेतील साध्या रक्ततपासणीवरूनही काढता येतो.

४. पुणे, मुंबई व बीरभूम येथील संशोधनाने दाखविल्याप्रमाणे भारतात केवळ वजनावरून रोगाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने एक व्यवहार्य सूचना करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत व वार्षिक आरोग्य तपासणीत वजन-उंचीबरोबरच कंबरेचा घेर नोंदविला जावा. त्यास खर्च नाही. विद्यार्थ्याला, तसेच दिवसाचा बराच वेळ खुर्चीत घालविणाऱ्या अध्यापकवर्गालाही, त्याचा लाभ होईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे यकृताच्या रुग्णाकडे पाहण्याची संशयी नजर बदलण्याचे काम वर्गातूनच होऊ शकते. वैद्यकाला रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास दीडशे वर्षे लागली. समाजाने तेवढा वेळ घेण्याचे कारण नाही.